पडद्यावरचा माणूस असा का वागतो? चित्रपट बारकाईने बघण्याची एक बडोदेकरी रीत

चित्रपट संपला की चहाबरोबर दोनच प्रश्न येतात: आवडला का, आणि काम कुणाचं चांगलं झालं. हा माणूस असा का वागला, हा तिसरा प्रश्न क्वचित निघतो, आणि निघाला तरी एका वाक्यात निकालात काढला जातो. ‘लहानपणी बाप मारायचा ना, म्हणून.’ ‘गरिबीतून वर आलाय, म्हणून.’ बडोद्यात आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर चित्रपट बघायला जमतो. कॉलेजातली मुलं आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, लग्न होऊन गुजराती घरात गेलेल्या आणि गुजराती घरातून आमच्याकडे आलेल्या बायका आहेत. आमची सगळ्यात जास्त भांडणं या ‘म्हणून’वर झाली आहेत. त्या भांडणांतून हळूहळू एक पद्धत बसली, ती इथे लिहितो. घरच्या घरी चार जणांत करा, सोसायटीत करा, नाहीतर एकट्याने करा. काही अडत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: अनुभवाने माणूस घडतो हे खरं, पण एकट्या घटनेने कुणी घडत नाही. तीच घटना दोघांवर गुदरते आणि दोघे दोन टोकांना जातात. म्हणून घटनेच्या आधी त्या माणसात काय होतं, आणि घटनेनंतर, कुणाची जबरदस्ती नसताना, तो काय करतो, या दोन बाजू बघितल्याशिवाय ‘म्हणून’ म्हणायचं नाही. चांगला दिग्दर्शक या दोन्ही बाजू पडद्यावर ठेवतो. आपली नजर मात्र मधल्या घटनेवरच खिळते, कारण गाजावाजा तिचा असतो.

पहिली पायरी: कुठला चित्रपट घ्यायचा

ज्यात माणसाचा रोजचा दिवस दिसतो असा. घरातलं जेवण, कामावर जाणं, पैशांचा हिशेब, शेजाऱ्याशी बोलणं. दर पाच मिनिटांनी कथानक उडी मारत असेल तर स्वभाव बघायला फुरसतच मिळत नाही. सुरुवातीला लहान मुलाभोवती फिरणारा चित्रपट बरा पडतो, कारण मुलाच्या गाठीशी ‘आधीचं’ थोडं असतं आणि घडण डोळ्यांसमोर होते. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४), अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१४) आणि नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) या तिघांपैकी कुठलाही चालेल. मोठ्या माणसांकडे वळायचं तेव्हा ‘उंबरठा’ (१९८२) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४).

आपल्याकडच्यांसाठी एक खास सूचना. बडोद्यात वाढलेल्या मुलांना घरातलं मराठी येतं, पण सोलापूरकडची किंवा कोकणातली बोली कानावरून जाते, आणि ती ‘कळलं कळलं’ म्हणत अर्धे संवाद सोडून देतात. इंग्रजी उपशीर्षकं लावा, लाजू नका. स्वभाव बघायचा तर बोलण्याचा सूर महत्त्वाचा, आणि अर्थाशी झटापट चालू असताना सूर ऐकू येत नाही.

घरी चार जणांनी बसून बघणं वेगळं. सभागृह घेऊन, बोर्ड लावून, जाहीर दाखवणार असाल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते; तिकीट नसलं तरी लागते.

दुसरी पायरी: आधी नुसता बघा

वही नको, मोबाईल नको, मध्येच थांबवून ‘बघितलंत का, हे महत्त्वाचं आहे’ नको. आमच्याकडे ही खोड बँकवाल्या काकांना होती. पहिल्यांदा हसू यायचं तिथे हसा, रडू यायचं तिथे रडा. अभ्यासाची बैठक दुसरी, शक्यतो आठवडाभराने. मधल्या दिवसांत जो प्रसंग आपोआप आठवत राहतो तो कागदावर टिपून ठेवा. दुसऱ्या वेळी तिथूनच सुरुवात करायची. आणि खाणं चित्रपट संपल्यावर. शेव-उसळीच्या वाट्या हातात घेऊन कुणी पडद्याकडे बघत नाही.

तिसरी पायरी: तीन रकान्यांची वही

दुसऱ्या बैठकीला वही आडवी धरा आणि तीन रकाने आखा: आधी, घडलं, उरलं. प्रत्येकाने एकच पात्र निवडायचं. शक्य असेल तर नायक सोडून दुसरं कुणी.

‘आधी’मध्ये त्या माणसाकडे घटनेपूर्वी काय होतं ते येतं: कुणाचा आधार होता, कशाची सवय होती, कशाची लाज वाटायची, काय हक्काचं वाटायचं. ‘घडलं’ सोपं आहे, ते सगळ्यांना दिसतं. खरी मेहनत तिसऱ्या रकान्यात. ‘उरलं’मध्ये विशेषण लिहायला बंदी. ‘कडवट झाला’, ‘आत्मविश्वास गेला’, ‘एकलकोंडी झाली’ हे सगळं खोडायचं. जे दिसलं किंवा ऐकू आलं तेवढंच लिहायचं: जेवताना पाठ फिरवून बसतो, दार लावून घेते, पूर्वी पैसे मोजायचा नाही, आता दोनदा मोजतो. विशेषण लिहिलं की बघणं थांबतं. हा नियम आमच्याकडच्या निवृत्त शिक्षिका काकूंनी घातला आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या वह्या कोऱ्या राहिल्या.

‘किल्ला’वर हे करून बघा. चिन्मयचे वडील चित्रपट सुरू होण्यापूर्वीच गेलेले आहेत, म्हणजे सगळ्यात मोठी घटना पडद्यावर नाहीच. ती ‘आधी’च्या रकान्यात जाते. आईची बदली होते म्हणून पुण्यातून कोकणात यावं लागतं. नवे मित्र मिळतात, आणि तेच मित्र एके दिवशी भर पावसात त्याला किल्ल्यावर मागे टाकून निघून जातात. आता बघा, पोरांच्या जगात ही काही मोठी गोष्ट नव्हे. टवाळ मुलं असं करतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. चिन्मय विसरू शकत नाही. पहिला रकाना भरलेला असेल तर कारण विचारावं लागत नाही: ज्याला एक माणूस कायमचा सोडून गेलाय, त्याला मित्रांनी सोडून जाणं ही टवाळी वाटणार नाही. घटना छोटी, पण ती पडली कुठे ते बघायचं.

आमच्याकडे या चित्रपटावर सगळ्यात जास्त बोलली ती रेल्वेत बदल्या होणाऱ्या वडिलांची मुलगी. दाहोद, रतलाम, मग बडोदा. तिने चिन्मय सोडून आईचा रकाना भरला होता, आणि आमच्यापैकी कुणीही आईकडे नीट बघितलेलं नव्हतं. नवी कचेरी, नवे सहकारी, घरी रुसलेला मुलगा, आणि स्वतःचं दुःख करायला जागाच नाही. अमृता सुभाष यांचं काम त्या मुलीच्या वहीमुळे मला दुसऱ्यांदा दिसलं.

चौथी पायरी: एक प्रसंग भिंगाखाली

सगळा चित्रपट एका बैठकीत उलगडत नाही. एक प्रसंग घ्या, पाच ते सात मिनिटांचा, आणि तो पुन्हापुन्हा बघा. एकदा आवाज बंद करून. एकदा पडद्याकडे पाठ करून, नुसता ऐकून. पाठ करून ऐकायला माणसं संकोचतात, पण कुणाचा आवाज कुणासमोर खाली येतो हे तेव्हाच कळतं.

‘फँड्री’चा शेवटचा भाग यासाठी उत्तम. जब्या गावाबाहेर राहणाऱ्या घरातला. डुकरं पकडणं हे त्या घराच्या वाट्याला आलेलं काम, आणि जब्याला त्या कामाची शरम. शाळेतली शालू त्याला आवडते. तिच्या नजरेला आपण कसे दिसत असू, याच एका प्रश्नावर त्याचं सगळं वागणं चाललेलं असतं: काळ्या चिमणीचा पाठलाग (तिची राख टाकली की मुलगी वश होते, अशी ऐकीव समजूत), नव्या कपड्यांचा हट्ट. बापाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत, म्हणून तो गावातली डुकरं पकडायचं काम घेतो, आणि ते शाळेच्या अंगाला, सगळ्यांच्या देखत करावं लागतं.

आता रकाने भरा. ‘घडलं’मध्ये बहुतेक जण लिहितात: सगळ्यांसमोर अपमान झाला. ठीक. पण अपमान त्या घराला नवा आहे का? बापाने तो जन्मभर गिळलाय. किशोर कदम यांनी केलेला तो बाप नीट बघा: पाटलासमोर उभं राहताना खांदे कसे पडतात आणि पोरावर ओरडताना तोच माणूस केवढा होतो. बाप आणि मुलगा, दोघांवर गुदरतं तेच, त्याच मिनिटाला. फरक ‘आधी’च्या रकान्यात आहे. जब्या शाळेत गेलाय. आपण वेगळे असू शकतो असं काहीतरी त्याच्या मनात शिरलंय. बापाच्या मनात ते शिरायची सोय नव्हती. डुक्कर हाती लागायच्या बेतात असतं, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. मग डुक्कर बांबूला बांधून खांद्यावरून नेताना मागे शाळेची भिंत दिसते, भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई. शाळेने मुलाला काय दिलं आणि गावाने काय दिलं, ते एकाच चौकटीत येतं.

आणि मग दगड. शेवटचा दगड थेट आपल्या दिशेने येतो. आमच्यातल्या एका काकांचं मत होतं की पोरगा वाया गेला, आता गुंड होणार. त्यांना मी एवढंच विचारलं: काका, तुमच्या वहीत ‘उरलं’मध्ये काय लिहिलंत? तिथे फक्त ‘दगड मारला’ होतं. पुढचं काका घरून घेऊन आले होते. दिग्दर्शकाने जिथे थांबवलं तिथे थांबायचं, हा नियम त्या दिवसापासून.

पाचवी पायरी: कामावरचा माणूस घरी कसा आहे

ही पायरी ‘कोर्ट’साठीच जणू बनलीय. एका लोकशाहिरावर खटला चालतो, आणि दिग्दर्शक मधूनच कोर्ट सोडून वकिलांच्या, न्यायाधीशांच्या मागे त्यांच्या घरी जातो. पहिल्यांदा बघताना वाटतं, हे कशाला? खटला चालू असताना सरकारी वकील बाई लोकलमधून घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी कुटुंबाबरोबर मराठी नाटकाला जातात, आणि त्या नाटकात परप्रांतीयांवर हशा पिकतो. बचावाचा वकील विनय व्होरा मोटारीत जॅझ ऐकत फिरतो, मोठ्या दुकानातून चीज घेतो, आणि घरी आई-वडील गुजरातीत लग्नाचं टुमणं लावतात.

मुंबईतला प्रेक्षक इथे कुणाची बाजू घेतो मला ठाऊक नाही. बडोद्यात मात्र गंमत झाली. व्होराच्या घरातलं गुजराती आम्हाला उपशीर्षकांशिवाय कळत होतं, आणि नाटकातल्या त्या विनोदावर आमच्या माडीवर कुणी हसलं नाही. परप्रांतात चार-पाच पिढ्या काढलेली माणसं आम्ही, ‘बाहेरचे’ म्हणून हशा पिकला की आपसूक दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो. म्हणजे प्रेक्षकाचाही ‘आधी’चा रकाना असतो, आणि तो भरून ठेवलेला बरा. आम्ही आता चर्चेआधी प्रत्येकाला विचारतो: या चित्रपटातलं कुठलं घर तुमच्या घरासारखं आहे? त्यावरून पुढची मतं कुठून येणार ते समजतं.

‘कोर्ट’मधल्या न्यायाधीशांकडे वेगळं बघा. बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून तिचं प्रकरण ते पुढे ढकलतात. चित्रपट संपतो तो त्यांच्या सुट्टीवर. बाकावर त्यांचा डोळा लागलेला, मुलं ओरडून दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. एवढा सगळा खटला त्यांच्यासमोरून गेला आणि त्यांच्यावर ओरखडाही नाही. अनुभव येऊनही ज्याच्यात काहीच हलत नाही असा माणूस लिहिणं अवघड, आणि बघणं त्याहून. तिसरा रकाना कोरा राहिला तर घाबरू नका. कोरा आहे असं लिहा आणि कारण शोधा. या माणसाचं कारण असं की चुकल्याची किंमत त्याला कधी मोजावीच लागत नाही.

सहावी पायरी: भूतकाळात जाणाऱ्या प्रसंगांपासून सावध

पडदा धूसर झाला, लहानपण दिसलं, की आपण मान डोलावतो: सापडलं कारण. आळशी चित्रपटात हा प्रसंग कुलपाच्या किल्लीसारखा वापरतात. चांगल्या चित्रपटात तो आणखी गुंता करतो. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर आधारलेला. त्यात भूतकाळाचे रंगच वेगळे आहेत, काही भाग कृष्णधवल. त्या बालपणातून नायिकेचं एक कारण हाती लागत नाही. लागतात ती परस्परांच्या विरुद्ध ओढणारी तीन-चार. तिला घर हवंय आणि घरात कोंडून घेणं सोसत नाही. दोन्हींची मुळं त्याच लहानपणात आहेत.

ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) तर एक पत्रकार पूर्ण चित्रपटभर एका शब्दाचा अर्थ शोधत हिंडतो. त्याला तो मिळत नाही, आणि एका शब्दात माणसाचं आयुष्य मावत नाही असं म्हणून तो सोडून देतो. प्रेक्षकाला मात्र शेवटी उत्तर दिसतं: लहानपणीची घसरगाडी. बरेच जण एवढंच लक्षात ठेवतात. मला वाटतं पत्रकाराचं जास्त बरोबर आहे.

करायचं काय, तर भूतकाळातला प्रसंग आला की वहीत लिहा: हा आठवतोय कोण, आणि आत्ताच का? जो आठवतो त्याच्या आजच्या गरजेप्रमाणे आठवण रंगते.

सातवी पायरी: जे दाखवलेलंच नाही

ही पायरी आमची सगळ्यात लाडकी, कारण ती आम्हाला आमच्याच गल्लीत घेऊन आली. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) दादासाहेब फाळके यांनी पहिला भारतीय कथापट कसा काढला ते सांगतो. गोष्ट १९११ च्या सुमाराला सुरू होते. छापखान्याचा धंदा सोडलेला, घरात पैशांची चणचण, आणि हा गृहस्थ पोरांना जादूचे प्रयोग करून दाखवतोय. मग तंबूत हलती चित्रं बघतो आणि झपाटतो. घरातलं सामान विकतो, डोळे बिघडतात, लंडनला जाऊन येतो, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येतो. नंदू माधव यांनी केलेले फाळके सदा हसतमुख. इतके, की आमच्याकडे एक काकू वैतागल्या: ‘अहो, बायको-मुलांचे हाल चाललेत आणि याला काही वाटतं की नाही?’

प्रश्न रास्त आहे. उत्तर चित्रपटात अर्धंच आहे, कारण तो सुरू होतो तेव्हा माणूस चाळिशी ओलांडलेला. ‘आधी’चा रकाना भरायला बाहेर जावं लागतं, आणि आमच्या बाबतीत बाहेर म्हणजे इथून चालत. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून बडोद्याला आले आणि कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं हे कलाभवन प्रा. त्रिभुवनदास गज्जर चालवत. कला आणि तंत्र एकाच छपराखाली शिकवणारी संस्था. ती वास्तू आज विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेकडे आहे, आणि आमच्यातली निम्मी मुलं रोज तिथून स्कूटरवरून जातात. फाळके तिथे चित्रकला शिकले, छायाचित्रण शिकले, ठसे बनवण्याचं तंत्र शिकले. मग गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून बस्तान बसवलं, आणि शतक पालटताना आलेल्या प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेलं. ते बडोद्याला परतले. छायाचित्रांचा धंदा चालेना. फोटो काढला की अंगातली शक्ती जाते, अशी लोकांना धास्ती. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून दिवस काढले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपल्या नावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून प्रयोग केले.

हे सगळं ‘आधी’मध्ये लिहून पुन्हा चित्रपट लावा. तोच हसरा माणूस आता निराळा दिसतो. ज्याने एकदा सगळं गमावून पुन्हा उभारलंय, त्याला कपाट विकलं जाण्याची धास्ती किती वाटणार? काकूंचा राग तरी पुरता गेला नाही, आणि जायचं कारणही नव्हतं. सरस्वतीबाईंनी तो संसार कसा ओढला हा प्रश्न राहतोच, आणि विभावरी देशपांडे यांच्या कामात त्याचं उत्तर शोधायला पुढची एक बैठक गेली.

आणखी एक गोष्ट दिसते. अपयशी धंद्यांतून उरलेली प्रत्येक कला पुढे कामी आली आहे. कॅमेरा, रसायनं, रंगवलेले पडदे आणि जादू; ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ यांतले चमत्कार या माणसाने केले यात नवल नाही. अनुभवाने स्वभाव घडतो म्हणताना आपण दुःखाचाच विचार करतो. हातांना लागलेल्या सवयीही स्वभावाचाच भाग. ‘नटरंग’मध्ये कुस्तीने कमावलेलं शरीर घेऊन गुणा नाच्या होतो, तेव्हा अतुल कुलकर्णी यांच्या नुसत्या खांद्यांकडे आणि मनगटांकडे बघा; जुना पैलवान कुठे-कुठे शिल्लक आहे ते दिसेल.

एक शिस्त मात्र पाळा. चित्रपटाबाहेरून आणलेली माहिती पेन्सिलने लिहा, पडद्यावरची पेनाने. नाहीतर दोन बैठकींनंतर कुणालाच आठवत नाही की गोध्रा दिग्दर्शकाने दाखवलं होतं की आपण आणलं.

आठवी पायरी: आधी लेखन, मग चित्रपट

खऱ्या माणसावरचा चित्रपट बघण्याआधी त्याने स्वतः लिहिलेलं थोडंसं वाचा. आमच्या गावात याला एक उदाहरण आहे ज्याच्यापुढे दुसरं सुचत नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले डॉ. आंबेडकर करारानुसार १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. राहायला जागा कुणी देईना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. वरच्या मजल्यावरची एक खोली, विजेचा दिवा नाही, शेजारी अडगळीने भरलेलं अंधारं दालन. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहा-बारा जण जिन्यावर आले. दोन मित्रांना विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती; दोघांनी सभ्य शब्दांत टाळलं. मुंबईची गाडी रात्री होती, तोवर ते कमाटी बागेत बसून राहिले. तीच आपली सयाजीबाग, आणि त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय.

त्यात एक वाक्य असं आहे जे कुठल्याही कॅमेऱ्याला पकडायला कठीण. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं ते सांगतात. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर, आता जायचं कुठे, या प्रश्नाने ती परत आली. म्हणजे ‘आधी’च्या रकान्यात जसा लहानपणचा अपमान आहे, तशी न्यूयॉर्कची मोकळीकही आहे, आणि धर्मशाळेचा घाव इतका खोल गेला तो त्या मोकळिकीमुळे. माणूस घडवणाऱ्या अनुभवांत आपण सुखाचे अनुभव मोजतच नाही.

इथे गटाला काम द्या: हे वाक्य तुम्ही पडद्यावर कसं दाखवाल? निवेदनाचा आवाज वापरायचा नाही, कुणाच्या तोंडी घालायचं नाही. अर्धा तास द्या. आमच्याकडच्या एका मुलाने सुचवलं की स्टेशनवर हमालाला हाक मारताना त्यांचा आवाज आधी मोकळा असावा, आणि पत्ता विचारला गेल्यावर तो थांबावा. एवढंच. यानंतर जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ लावा, मामुटी यांचं काम बघा, आणि दिग्दर्शकाने काय घेतलं, काय सोडलं ते पेनाने लिहा. मग जमलं तर सगळे मिळून सयाजीबागेत जाऊन या. बागेत जाऊन भाषण नको. तिथे बसून तेवढी पानं मोठ्याने वाचली तरी पुष्कळ.

नववी पायरी: चर्चा चालवणं

इथे बहुतेक गट फसतात. चित्रपटावर बोलता बोलता माणसं स्वतःवर येतात. ‘माझ्या सासूनं पण असंच...’ सुरू झालं की तास गेला. पण ते पूर्ण बंदही करू नका, कारण सगळ्यात खरं निरीक्षण अनेकदा तिथूनच येतं. आमचा नियम: आधी वहीतला पुरावा, मग स्वतःचं. ‘उंबरठा’मधली सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते, परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि ती पुन्हा बाहेर पडते. यावर एकदा माडीवर आवाज चढले. मुलीला जावेकडे ठेवून गेली, ही कसली आई, असं एक बाजू म्हणत होती. शिक्षिका काकूंनी सगळ्यांना वहीतून वाचायला लावलं: सुलभा आश्रमात जे बघते त्यातलं काय-काय घेऊन ती घरी परत येते? बाजू बदलल्या नाहीत, पण वाद सुलभाबद्दल व्हायला लागला. तोवर तो आपापल्या सुनांबद्दल चालला होता.

ज्येष्ठांना शेवटी बोलायला सांगा. त्यांनी आधी मत दिलं की मुलं गप्प बसतात, आणि ‘हो काका’ म्हणून पुढची बैठक चुकवतात. जो दिग्दर्शकाला किंवा नटाला सर्टिफिकेट द्यायला लागेल त्याला थांबवा. आणि चर्चेच्या दिवशी वेळ आखूनच घ्या, दीड तास पुरे. त्यानंतर माणसं बोललेलंच पुन्हा बोलतात.

लहान मुलं असतील तर वही देऊ नका. त्यांना एकच विचारा: तू तिथे असतास तर काय केलं असतंस? ‘श्वास’नंतर हा प्रश्न विचारताना जरा जपून. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, आणि शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला इस्पितळाबाहेर जग दाखवायला नेतो; दहा वर्षांच्या आतल्या मुलांना हे झेपेलच असं नाही. त्यांच्यासाठी ‘किल्ला’ बरा.

नव्या गटाने कुठल्या क्रमाने बघावं असं विचाराल तर: ‘किल्ला’, मग ‘फँड्री’, मग ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि त्याच आठवड्यात कलाभवनाकडे एक फेरी. ‘कोर्ट’ चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आत लावू नका. तो संथ आहे, आणि तिसरा रकाना भरायची सवय लागेपर्यंत माणसं ‘यात काही घडतच नाही’ म्हणून उठून जातात.